लेखांक सहावा: मंजुरी येईपर्यंत

गेल्या आठवड्यात आपण लठ्ठपणावरच्या स्लीव्ह आणि बायपास या दोन शस्त्रक्रियांमधला फरक पाहिला. कोणती करायची हे सर्जनशी बोलून ठरलं की घरातला पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मेडिक्लेममध्ये बसेल का? फाइल रुग्णालयात विम्याचे कागद पाहणाऱ्या टीपीए डेस्ककडे जाते आणि वाट पाहणं सुरू होतं. बहुतेक कुटुंबं हे दिवस फोनकडे डोळे लावून काढतात. माझ्या मते शस्त्रक्रिया इथेच सुरू होते. टाके नीट धरणार का, भूल सुखरूप उतरणार का आणि नंतरचं खाणं जमणार का, हे बरंचसं याच दिवसांत ठरतं.

आधी विमा कंपनी काय पाहते ते समजून घेऊ. २०१९ साली विमा नियामक आयआरडीएआयने पॉलिसींमधल्या वगळण्याच्या अटी एकसारख्या केल्या. त्यानुसार लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायला ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि वैद्यकीय नियमावलीला धरून झालेली हवी आणि रुग्णाचं वय किमान १८ हवं. शिवाय बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. तो ४० पेक्षा कमी पण किमान ३५ असेल तर सोबत ठरावीक गंभीर आजारांपैकी एक असावा लागतो: लठ्ठपणामुळे आलेला हृदयस्नायूचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. आणि अशा वेळी शस्त्रक्रियेशिवायचे वजन घटवण्याचे उपाय करून झालेले, पण निष्फळ ठरलेले असावे लागतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी हे आकडे सुमारे १०२ किलो आणि ९० किलो होतात.

४० आणि ३५ या मर्यादा अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या १९९१ सालच्या शिफारशीतही होत्या. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेतल्या दोन प्रमुख संघटनांनी, अमेरिकेच्या एएसएमबीएसने आणि जागतिक पातळीवरच्या आयएफएसओने, २०२२ मध्ये त्या खाली आणल्या. बीएमआय ३५ असेल तर सोबत आजार असण्याची अट नको, आणि आशियाई लोकांना २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा, असं त्यांचं म्हणणं आहे. आपल्याकडे पोटाभोवतीची चरबी आणि मधुमेह कमी वजनातच गाठतात, हे त्यामागचं कारण. त्याच १६० सेंटिमीटरच्या बाईसाठी हा आकडा ७० किलोच्या आसपास येतो. म्हणजे ज्या रुग्णाला आजचं वैद्यकशास्त्र शस्त्रक्रिया सुचवतं, तिला पॉलिसी नाही म्हणू शकते. हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते बदलायला हवं. पण आज फाइल भरायची ती आजच्या अटींवरच.

बहुतेक फाइली अडकतात त्या 'उपाय निष्फळ ठरले' या अटीवर. पंधरा वर्षं उपास, चालणं, पावडरी, पंचकर्म असं सगळं केलेल्या बाईकडे त्याचा कागद एकही नसतो. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार मनात आल्यापासूनच एका डॉक्टरांकडे आणि एका आहारतज्ज्ञाकडे नियमित जा. दर महिन्याला वजन, तारीख आणि सही असलेली नोंद घ्या. जुनी प्रिस्क्रिप्शन्स, एचबीए१सीचे रिपोर्ट, जिमच्या पावत्या एका फाइलमध्ये लावा. स्लीप ॲप्नियासाठी 'खूप घोरते' असं लिहिलेलं पुरत नाही. रात्रभराचा स्लीप स्टडी करावा लागतो आणि त्यात तासाला ३० किंवा अधिक वेळा श्वास अडत असेल तरच तो आजार 'तीव्र' धरला जातो. कॅशलेस अर्जावर तासाभरात निर्णय द्यावा असा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे, पण कागद अपुरे असले की क्वेरी येते आणि तासाचे आठवडे होतात.

पॉलिसीचा वेटिंग पिरियडही तपासा. आधीपासूनच्या आजारांसाठी तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. पॉलिसी घेताना मधुमेह लपवला असेल, तर तो नेमका आता बाहेर येतो.

याच काळात एक घातक सल्ला हमखास मिळतो: 'वजन कमी करू नकोस, बीएमआय खाली गेला तर नाकारतील.' ही भीती मी समजू शकते. पण मुद्दाम वजन वाढवून टेबलावर जाणं म्हणजे भुलेचा आणि फुप्फुसांचा धोका आपल्या हाताने वाढवणं. त्यापेक्षा पहिल्या भेटीतलं वजन आणि उंची सर्जनच्या सहीने कागदावर घ्या, आणि पुढची घट डॉक्टरांनी सांगितलेल्या तयारीचा भाग आहे हे त्यांना पत्रात लिहायला सांगा.

ही घट हवीच असते, कारण त्यामागे यकृत आहे. लठ्ठ माणसाचं यकृत बहुधा चरबीने फुगलेलं असतं आणि त्याचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. सर्जनला तो दुर्बिणीतून उचलून धरावा लागतो. जड, ठिसूळ यकृत उचलताना रक्तस्राव होऊ शकतो आणि जागाही अपुरी पडते. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे दिवसाला ८०० ते १,००० कॅलरींचा, प्रथिनं जास्त आणि पिष्ट कमी असलेला आहार देतात, तो यासाठी. त्यात यकृत खरंच लहान होतं. मात्र मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी हा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये. इन्सुलिनचा डोस तोच राहिला तर साखर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं.

तंबाखूबद्दल विचारलं की पुरुष सिगारेटचं सांगतात, बायका मिश्रीचं सांगत नाहीत. मिश्रीतही निकोटिन असतं. त्याने रक्तवाहिन्या आकसतात, जखम उशिरा भरते, आणि बायपासनंतर जोडावर अल्सर होण्याचा धोका वाढतो. किमान सहा आठवडे आधी ती पूर्ण बंद हवी. सांगायला लाजू नका, भूलतज्ज्ञाला हे कळलंच पाहिजे.

रक्ततपासणीत बी१२, ड जीवनसत्त्व आणि लोह आवर्जून पाहायला सांगा. भरपूर वजन असलेल्या शरीरातही यांची कमतरता सर्रास सापडते, शाकाहारी घरांत तर फारच. शस्त्रक्रियेनंतर शोषण आणखी घटतं, म्हणून भरपाई आत्ताच करायची.

आणि जेवण. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढला जातो. उरलेल्या नळीला घाईने गिळलेला घास चालत नाही. त्यामुळे आतापासून लहान घास, भरपूर चावणं, जेवताना पाणी नाही आणि नंतरही अर्धा तास नाही, ही सवय लावा. पुढे दिवसाला ६० ग्रॅमच्या वर प्रथिनं लागतील आणि वरण-भातातून ती येत नाहीत. आधी अंडं, मासा, पनीर, दही किंवा मुगाचं धिरडं, नंतर भाजी, आणि पोटात जागा उरली तर भाकरी. ताटाचा हा क्रम घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. वाढणाऱ्या हाताने आग्रह करायचा नाही, हे सासूबाईंना आणि आईला आधीच समजावलं तर नंतरचे रुसवेफुगवे टळतात. तरुण बायकांनी गर्भधारणाही पुढे ढकलायची असते, शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने. त्याचं नियोजन आत्ताच डॉक्टरांशी बोलून करा.

एवढं करूनही नकार आला तर? कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा कायमचा नाकारला असं नाही. बिल भरून नंतर परताव्यासाठी अर्ज करता येतो. नकाराचं कारण लेखी मागा, कोणत्या कलमाखाली ते विचारा, आणि त्याच मुद्द्यावर सर्जनचं पत्र जोडून कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालयं आहेत, वकील लागत नाही. महिन्यामहिन्याच्या सह्यांची ती फाइल तिथेही सोबत न्या.

(पुढील लेखांकात: शस्त्रक्रियेचा दिवस आणि पहिले ४८ तास)