सही पुसलेले चित्र

बँकेत तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड जन्मभर चिकटते. हातात कागद आला की तो मजकूर नंतर वाचतो, आधी सही पाहतो. आमच्या वेळी काउंटरमागच्या कपाटात खातेदारांच्या नमुना सह्यांची कार्डे असत. चेकवरची सही त्या कार्डाशी ताडून पाहिल्याशिवाय रुपया हलत नसे. निवृत्तीनंतर घरबसल्या मोबाइलवर खरेदी करताना मला सारखे वाटते, की ही खोड प्रत्येक घरात निदान एकाला तरी असावी. कारण कपांवर, टी-शर्टांवर, उशीच्या अभ्र्यांवर आणि मोबाइलच्या कव्हरांवर जी चित्रे आज विकली जातात, त्यांतली कितीतरी सही पुसलेली चित्रे असतात.

माझ्या एका मित्राची मुलगी चित्रकार आहे. वारीला निघालेल्या बायकांची तिने एक चित्रमालिका केली. त्यांतले डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हातारीचे चित्र तिने एका बचत गटाला कापडी पिशव्यांवर छापायला दिले. पिशवीमागे थोडी रक्कम तिला, बाकीची शिवणाऱ्या बायकांना. एके दिवशी तिच्या मावशीचा फोन आला, "अगं, तुझी म्हातारी उशीवर जाऊन बसलीय! बोलली नाहीस ते?" पाहते तो काय, एका ऑनलाइन बाजारात तेच चित्र अभ्र्यावर, कपावर आणि पिशवीवरही. पिशवीची किंमत गटाच्या पिशवीच्या निम्मी. कोपऱ्यातली सही गायब, आणि चित्र आरशात पाहावे तसे उलटे केलेले. उलटे कशावरून? म्हातारीच्या नाकातली चमकी उजवीकडे गेली होती! सही पुसणाऱ्याला आपल्याकडच्या बायका चमकी डावीकडे घालतात, एवढे ठाऊक नव्हते.

गंमत इथेच संपते. ज्या दुकानदाराने बचत गटाला दोनशे पिशव्यांची ऑर्डर दिली होती, त्याने ती रद्द केली. "हीच पिशवी निम्म्या भावात मिळते, मग तुमच्याकडून का घेऊ?" हा त्याचा सवाल व्यवहाराला धरूनच होता. चोरी चित्राची झाली, पण मजुरी बुडाली ती शिलाई मशीनवर बसलेल्या सहा बायकांची. "चित्रच तर आहे, कुणी घेतलं म्हणून काय झिजलं?" असे म्हणणाऱ्यांना मी हा हिशेब दाखवतो.

हा धंदा चालतो कसा, तेही पाहू. विकणाऱ्याकडे मालाचा साठा नसतो. त्याच्याकडे असते ती फक्त चित्राची फाइल. तुम्ही पैसे भरलेत की मग कुठल्या तरी छापखान्यात तुमचा कप छापला जातो. त्यामुळे भांडवल जवळजवळ शून्य. काही जण तर चित्रे निवडण्याचे कामही यंत्रावर सोपवतात. डिसेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर चित्रकारांच्या ध्यानात आले, की एखाद्या चित्राखाली कोणी "हे मला टी-शर्टवर हवे" असे लिहिले, की थोड्याच वेळात तो टी-शर्ट विक्रीला लागतो. मग त्यांनी सापळा लावला. "आम्ही चोरलेली चित्रे विकतो, आमच्याकडून घेऊ नका" अशा अर्थाची अक्षरे रंगवून त्यांनी ती चित्रे टाकली आणि खाली मुद्दाम मागणी नोंदवली. यंत्राने इमानेइतबारे तेच टी-शर्ट विक्रीला मांडले!

साधने नवी, चोरी मात्र जुनी. अठराव्या शतकात लंडनच्या विल्यम होगार्थ या चित्रकाराच्या चित्रांच्या छापील प्रती खूप खपत, आणि त्यांच्या नकला त्याहून स्वस्तात. कंटाळून त्याने इतर कलावंतांना बरोबर घेतले आणि पार्लमेंटकडे दाद मागितली. कायदा झाला. तो २५ जून १७३५ रोजी लागू व्हायचा होता, म्हणून होगार्थने आपली नवी चित्रमालिका तोवर अडवून धरली. तरी नकलाकारांनी गिऱ्हाईक म्हणून माणसे त्याच्या घरी पाठवली, भिंतीवरची चित्रे डोळ्यांत साठवून आणली आणि आठवणीने काढलेल्या नकला त्याच्या आधी बाजारात आणल्या. या कायद्याने चौदा वर्षांचे संरक्षण दिले, पण एक अट घातली. प्रत्येक छापावर मालकाचे नाव आणि प्रसिद्धीची तारीख कोरलेली हवी. नाव आणि तारीख! आमचा चेकही याच दोन गोष्टी मागतो.

आता घरच्या घरी चोरी ओळखायची कशी? चित्राचा कोपरा पाहा. तिथे धुरकट डाग असेल किंवा चित्र अवेळी कापल्यासारखे वाटत असेल, तर तिथे सही असण्याचा संभव असतो. चित्राच्या कडा फुटलेल्या, रंग विटके असतील, तर ते पडद्यावरून उचललेले असू शकते. एकाच विक्रेत्याकडे दहा वेगवेगळ्या हातांची चित्रे असतील आणि चित्रकाराचे नाव एकाचेही नसेल, तर थबकावे. अशा वेळी गूगल लेन्ससारख्या सोयीत ते चित्र घालावे. ते आधी कुठे आणि कोणाच्या नावाने आले होते, हे बऱ्याचदा समजते. सापडले नाही, तर चित्र उलटे करून पुन्हा शोधावे. मात्र नुसत्या संशयावर विक्रेत्याला चारचौघांत चोर म्हणू नये. त्याने रीतसर परवानगी घेतलेलीही असू शकते.

तक्रार करण्याचा अधिकार चित्रकाराचा किंवा त्याने नेमलेल्याचा. तुम्ही-आम्ही करायचे ते एवढेच, की त्या पानाची लिंक आणि फोटो चित्रकाराला पाठवायचा. मावशीने नेमके हेच केले.

मैत्रीण म्हणावी तशी मोकळी बोलणारी ती मुलगी त्या दिवशी रडवेली होऊन आली. "काका, त्या विक्रेत्याला आत्ताच चांगलं सुनावते." मी म्हटले, "आधी वही काढ. तू सुनावलंस की तो पान काढून टाकेल, मग दाखवशील काय?" आम्ही प्रत्येक वस्तूचा फोटो घेतला, लिंक, तारीख, किंमत आणि विक्रेत्याचे नाव-पत्ता टिपला. एक पिशवी विकत घेऊन पावती ठेवली. दुसऱ्या बाजूला तिच्या चित्राचे पुरावे मांडले: पेन्सिलची कच्ची रेखाटने, संगणकातली मूळ फाइल, पहिल्यांदा प्रसिद्ध केल्याची तारीख आणि बचत गटाशी झालेला करार.

कायदा तिच्या बाजूने होता. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढले की हक्क जन्माला येतो. नोंदणी पुराव्याला उपयोगी असली, तरी सक्तीची नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे तो हक्क टिकतो. कलम ५७ तर याहून मोलाचे आहे. हक्क विकला, तरी चित्राचे कर्ते म्हणवून घेण्याचा आणि चित्राच्या मोडतोडीवर दाद मागण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकले गेले, त्याची हानी झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाईचा निकाल सरकारविरुद्ध दिला.

ऑनलाइन मजकुराबाबत २०१३ च्या नियमांत तरतूद आहे. हक्कदाराची पूर्ण तपशिलाची लेखी तक्रार मिळाल्यावर तो मजकूर साठवणाऱ्याने ३६ तासांत पावले उचलून २१ दिवस तो लोकांपासून दूर ठेवायचा; तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दिसू शकतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बाजाराला तक्रार अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. तिने बाजाराच्या कॉपीराइट अर्जात प्रत्येक वस्तूची स्वतंत्र लिंक दिली. "तुमच्याकडे माझी चित्रे चोरीला जातात" अशी मोघम ओरड केली असती, तर कोणी हललेही नसते.

तीन दिवसांनी पाने गेली. पंधरवड्यात तीच म्हातारी दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने पुन्हा आली. पण या खेपेला फाइल तयार होती. तक्रार अर्ध्या तासात गेली आणि दुसऱ्या दिवशी पान उतरले. रद्द झालेली ऑर्डर मात्र परत आली नाही. आता ती सही कोपऱ्यात करीत नाही, लुगड्याच्या काठाच्या नक्षीत विणते. कापायची तर लुगडेच कापावे लागेल.

सगळेच घेणे चोरी नसते, हेही सांगायला हवे. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले. त्यांची लक्ष्मी-सरस्वती आज कोणीही छापावी. जिव्या सोमा म्हसे यांना जाऊन मात्र थोडीच वर्षे झाली. ते २०१८ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांचे हक्क २०७८ च्या अखेरीपर्यंत टिकतील. आणि वारली शैली ही कोणा एकाची नाही, साऱ्या जमातीची आहे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, पण त्रिकोणी माणसांचा फेर छापणाऱ्या प्रत्येक कपाला जाब विचारणे त्याने साधत नाही. तिथे गिऱ्हाइकानेच ठरवायचे, की पैसे पाड्यावरच्या चित्रकाराकडे जावेत की कोणाकडे.

दिवाळीच्या भेटी आता बहुतेक घरांत मोबाइलवरूनच निवडल्या जातात. निवडताना मुलांनाही शेजारी बसवा आणि विक्रेत्याला एवढेच विचारा, "हे चित्र कोणी काढलंय?" नाव सांगणारा भेटला, तर चार रुपये जास्त पडले तरी त्याच्याकडूनच घ्या.