खारीचं माहेरपण
मांजराच्या तोंडातून सुटलेली खार चार दिवस आमच्याकडे खोक्यात होती. मांजराचा दात लागला की जखम चिघळते, म्हणून आधी पशुवैद्य. पोट मात्र तिचं चांगलंच सुटलेलं! पडद्यावर चढू लागली तशी तिला अंगणातल्या आंब्यावर सोडली. तिचा मुलूख तोच.

सोडली म्हणजे आपण सुटलो, असं नव्हे. खारीचे दिवस महिना-सव्वा महिन्यात भरतात. साधारण २-३ पिल्लं होतात. पत्नीने फांदीवर काथ्या आणि कापूस ठेवला, उथळ बशीत पाणी. बिनमिठाचे शेंगदाणे उंचावरच. दूध अजिबात नाही. खाणंही रोज थोडं कमी केलं, नाहीतर मांजर वेळ हेरतं.

काल ती तोंडात काथ्या धरून वर गेली. पाय अजून ओढते.