चिठ्ठी मिळाली, पुढे काय?

आरोग्य केंद्रातून 'पुढे न्या' अशी चिठ्ठी मिळाली की आपण गाडीमागे धावतो. पण पुढच्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ नसले, रक्त नसलं, तर तिथूनही पुढेच पाठवतात. अडलेल्या बाईचा वेळ असा रस्त्यातच जातो.

म्हणून निघण्याआधी सिस्टरना सांगा, 'तिकडे फोन करा, आणि कुणाशी बोललात ते चिठ्ठीवर लिहून द्या.' मागायला लाजायचं नाही, ते त्यांचं कामच आहे. कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, हेही लिहून घ्या.

गरोदर बाई, बाळंतीण आणि वर्षाच्या आतलं आजारी बाळ यांना सरकारी दवाखान्यात न्यायला १०२ ची गाडी मोफत असते. बाकी तातडीला १०८.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. ते डॉक्टर नव्हेत. रेशनकार्ड, ओळखपत्र पाहून नोंद करतात, मंजुरीला कागद पाठवायला मदत करतात. गर्दीत कधी तुसडेपणाने बोलतात, तरी पैसे भरण्याआधी त्यांनाच गाठा. घरातून निघताना दोन्ही कागद घ्याच. नवरा कपाटाची किल्ली घेऊन कामावर गेला, असं व्हायला नको.