घसारा : वहीतला आणि चाकाखालचा

वर्षअखेरीस ताळेबंद मांडताना व्यापारी कुटुंबात वाहनाच्या खात्यावर घसारा लावला जातो. स्वतःच्या धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारीवर आयकराच्या नियमांनुसार सर्वसाधारणपणे १५ टक्के घसारा मिळतो आणि तो दरवर्षी घटत्या शिल्लक रकमेवर आकारला जातो. एक लाख रुपयांचे वाहन पहिल्या वर्षाअखेर ८५,००० रुपयांवर येते आणि दुसऱ्या वर्षाअखेर ७२,२५० रुपयांवर. वहीतला हा घसारा शिस्तीने चालतो. चाकाखालचा घसारा मात्र कोणताही दर पाळत नाही. तो आवाजाने सूचना देतो आणि ती सूचना ऐकली गेली नाही, तर आपली वसुली एकरकमी करतो.

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात वसलेले हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. विवेकानंद जयंती उत्सवात येथे बसणारी भव्य पंगत आणि ट्रॅक्टरांतून वाढला जाणारा पुरी-भाजीचा महाप्रसाद हा या परिसराचा अभिमानाचा विषय. अशा गावातल्या आणि आसपासच्या दुकानदारांचे छोटे वाहन एकाच आठवड्यात अनेक कामे करते. सोमवारी तेलाचे डबे आणि साखरेची पोती, बुधवारी बाजार, रविवारी सहकुटुंब शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचे दर्शन. माल वाहणारे वाहन आणि मुले-माणसे नेणारे वाहन एकच असल्यामुळे त्याच्या प्रकृतीचा प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही.

या भागातील काळी माती कापूस-सोयाबीनला मानवते, रस्त्याला मानवत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता त्यामुळे लाटेसारखा उंचसखल होतो. प्रत्येक लाटेचा धक्का वाहनाच्या मागच्या कमानपाट्यांना बसतो आणि पाट्याच्या टोकाच्या वेटोळ्यात बसवलेले रबर तो प्रथम सोसते. या रबराच्या नळीला गॅरेजात ‘बुश’ म्हणतात.

बुशचे काम समजण्यास बैलगाडी आठवावी. कणा आणि तुंबा यांच्यात वंगण नसले, तर लाकूड-लोखंड एकमेकांना खाऊन टाकतात आणि गाडी कुरकुरते. पूर्वीच्या मोटारींतही पाट्यांच्या सांध्यात धातूचे बुश असत व त्यांना वारंवार ग्रीस द्यावे लागे. चार्ल्स गुडइयर यांना १८४४ मध्ये रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे अमेरिकी पेटंट मिळाले. पुढे अशाच टिकाऊ रबराने धातूच्या बुशची जागा अनेक ठिकाणी घेतली. रबर स्वतः पिळवटते, दबते आणि पूर्वस्थितीला येते. धातूवर धातू घासत नाही, ग्रीसही लागत नाही. मात्र वय, ऊन, तेल आणि अतिभार यांमुळे रबराला चिरा पडतात. ते झिजले की खिळीला जागा मोकळी मिळते आणि सांधा वाजू लागतो.

बुश गेल्याची चिन्हे साधी आहेत. गतिरोधकावरून जाताना मागून ‘ठक’ असा कोरडा आवाज येतो. भरल्या गाडीचा ब्रेक दाबताच मागचा भाग किंचित बाजूला सरकल्यासारखा वाटतो. टायर एका कडेने अधिक झिजते. खात्री करण्यासाठी गाडी सपाट जागी उभी करावी, पाटा आणि त्याला धरणारी शॅकलची पट्टी यांच्या फटीत पहारीचे टोक घालून हलकेच जोर द्यावा. निरोगी सांधा क्वचितच हलतो. झिजलेला सांधा स्पष्ट डुलतो आणि खिळी वेटोळ्याच्या मध्यभागी न राहता एका बाजूला टेकलेली दिसते.

हे काम घरी करता येते का? मारुती ओम्नीसारख्या वाहनाच्या बाबतीत उत्तर होकारार्थी आहे. १९८४ पासून २०१९ पर्यंत निघालेली ही व्हॅन आजही अनेक दुकानांसमोर उभी दिसते. तिच्या मागच्या पाट्यांचे रबरी बुश दोन अर्ध्या भागांत येतात. वेटोळ्याच्या दोन्ही बाजूंनी ते हाताने आत सरकवता येतात, त्यासाठी दाबयंत्र लागत नाही. दोन जॅक, गाडी पेलणारे दोन भक्कम स्टँड, योग्य मापाचे पाने, हातोडा, पहार, तारेचा ब्रश आणि साबणाचे पाणी एवढ्यावर काम भागते.

पहिली काळजी गाडी न सरकण्याची. ओम्नीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. मागची चाके उचलली की गिअर आणि हँडब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याखेरीज जॅकला हात लावू नये. गाडी उचलल्यावर तिचा भार स्टँडवर द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणे म्हणजे तारणाविना कर्ज देणे होय. येथे बुडते ते मात्र मुद्दल नव्हे, जीव. विटा फुटतात, दगड घसरतात. त्यांचा आधार घेऊ नये.

आदल्या रात्री शॅकलच्या नटांवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडवर घेऊन दुसरा जॅक मागच्या ॲक्सलखाली लावावा आणि पाटा ताणलेला वा दबलेला राहणार नाही इतका वर घ्यावा. खिळीवरचा ताण गेला की नट सुटतात, पट्टी निघते आणि खिळी हलक्या ठोक्याने बाहेर येते. ॲक्सलखालचा जॅक अगदी सावकाश खाली करून पाट्याचे टोक मोकळे करावे. जुने रबर पहारीने ढकलून काढावे. ते जाळून काढण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, ती टाळावी. जवळच इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या असतात आणि उष्णतेने पाट्याच्या पोलादाचे पाणी उतरते.

वेटोळ्याचा आतला भाग ब्रशने स्वच्छ करून नवे रबर साबणाच्या पाण्याने ओले करावे आणि दोन्ही बाजूंनी बसवावे. येथे ग्रीस वा इंजिन ऑइल वापरण्याचा मोह होतो. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते व मऊ पडते, म्हणून साबणाचे पाणीच योग्य. ते वाळून जाते आणि रबर जागेवर घट्ट राहते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची असून तीच बहुधा चुकते. नट प्रथम केवळ हाताने बसतील इतकेच फिरवावेत. मग चाके जमिनीवर घ्यावीत, गाडी दोन-चार वेळा वरखाली दाबावी आणि तिचा भार चाकांवर असतानाच नट माहितीपुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत. गाडी अधांतरी असताना नट आवळले, तर रबर त्या लोंबत्या स्थितीत जखडले जाते. गाडी खाली येताच त्याला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुश लवकरच फाटते. मग दोष रबराच्या दर्जाला दिला जातो. बुश नेहमी डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत आणि आठवडाभर गाडी चालवल्यावर नट पुन्हा तपासावेत.

काही वाहनांत बुशला बाहेरून लोखंडी कवच असते व ते दाबून बसवलेले असते. दाबयंत्र नसल्यास लांब मजबूत बोल्ट, जाड वॉशर, बुशपेक्षा थोडा रुंद नळीचा तुकडा आणि बुशपेक्षा किंचित अरुंद सॉकेट यांच्या साहाय्याने नट फिरवत ते ओढून काढता येते. बोल्टच्या आट्यांना ग्रीस द्यावे, ते रबराला लागू देऊ नये. बुश तसूभरही न सरकल्यास जोराची पराकाष्ठा न करता तो भाग सुटा काढून मेहकर वा चिखलीच्या कार्यशाळेत दाबून आणावा.

घरच्या कामाची मर्यादाही ओळखली पाहिजे. पुढच्या चाकांजवळची दबलेली गोल स्प्रिंग, बॉल जॉइंट, तडा गेलेला पाटा आणि गंजून पातळ झालेला सांधा ही कामे जाणकार मिस्त्रीचीच. दबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेली शक्ती सुटली, तर माणूस जायबंदी होतो. मिस्त्रीला दिलेली मजुरी अशा वेळी खर्च नसून विमा असतो.

रबराचे चार-सहा तुकडे ही दुकानाच्या उलाढालीत नजरेत न भरणारी रक्कम. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाल्यास आधी टायर जाते, मग शॅकलची खिळी, मग पाटा. आणि एखाद्या पावसाळी संध्याकाळी, पोत्यांनी भरलेली गाडी वळणावर ब्रेक दाबताच आडवी सरकते, तेव्हा मागच्या बाकावर कोण बसले आहे हे नशीब विचारीत नाही.

जुन्या पेढ्यांवर दिवाळीपूर्वी तराजू-काटे तपासून घेण्याचा रिवाज होता. तसाच दर पावसाळ्यानंतर एका सकाळी गाडीखाली डोकावण्याचा रिवाज घराघरांत पडावा. मुलांना सोबत घ्यावे, पहार त्यांच्या हाती द्यावी, सांधा हलतो का ते त्यांनाच पाहू द्यावे. प्रत्येक कृती यतनापूर्वक करावी हा संस्कार त्यांनी अनेकदा ऐकलेला असतो. त्या सकाळी तो त्यांच्या हातांनाही ठाऊक होईल.