ठिगळ कोणाचे, निवाडा कोणाचा?

गोधडीचा टाका वाकडा गेला, रंग जुळले नाहीत, असे शिवणारीला ऐकवणारे घरोघरी असतात. त्यांना उत्तर काय द्यावे? अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या गीज बेंड गावच्या काळ्या भगिनींकडे पाहावे. त्यांचे पूर्वज कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. या बायांनी शेतात झिजलेल्या विजारी आणि सदरे जोडून लेकरांसाठी पांघरुणे शिवली. ठरीव नमुना सोडून मनाने जोडलेल्या पांघरुणाला त्या ‘माझी रीत’ म्हणत.

१९६५ च्या मतदार नोंदणीच्या लढ्यात उतरल्याबद्दल तिथल्या अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. १९६६ मध्ये त्या परिसरातील स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. मोठ्या दुकानांना एकसारखा, मापात शिवलेला माल हवा होता. बायांनी तो पुरवला, दाम घेतले. घरी शिवताना मात्र आपली रीत सोडली नाही. २००२ मध्ये हीच पांघरुणे ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतींवर लागली. २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आली.

म्हणून टीका ऐकताना निवड करावी. ‘इथे टाका उसवतोय’ असे कोणी दाखवले, तर मुकाट्याने ऐकावे. तो पुरावा आहे. ‘असे कोणी शिवते का?’ हा पुरावा नव्हे, हुकूम आहे. तो मानण्याचे बंधन कोणावर नाही. संग्रहालयाने मोठे म्हणण्याआधीही ती पांघरुणे ऊब देतच होती.