बंधांचा जमाखर्च

"बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते." हे वाक्य मी अकरावीच्या वह्यांत वाचलंय, क्लासच्या नोट्समध्ये वाचलंय, परवा तर एका शिक्षकांच्याच तोंडून ऐकलं. वाक्य साफ उलटं आहे.

फ्रिजच्या दारावरचं चुंबक ओढून काढा. जोर कोण लावतं? तुम्ही. आता तेच दाराजवळ न्या. शेवटच्या बोटभर अंतरात ते आपणहून झेपावतं आणि 'टक्' करून चिकटतं. त्या आवाजात थोडी ऊर्जा बाहेर पडली. अणूंचंही तसंच. जोडी जुळताना ऊर्जा सुटते, मोडायची तर तेवढीच भरावी लागते.

मग शेगडीची आच येते कुठून? पाइपने घरात येणारा गॅस मुख्यतः मिथेन. एका मोलचा, म्हणजे 16 ग्रॅमचा हिशेब मांडू. सरासरी बंध-ऊर्जेचे आकडे रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतल्या तक्त्यांत मिळतात, ताडून बघा. कार्बन-हायड्रोजनचे 4 बंध तोडायला 1652 किलोज्यूल, ऑक्सिजनच्या 2 रेणूंना 996. खर्च 2648. आता जमा: कार्बन डायऑक्साइडचे 2 बंध जुळताना 1598, पाण्याचे 4 बंध जुळताना 1852, एकूण 3450. शिल्लक 802 किलोज्यूल. चहा उकळतो तो या शिलकीवर. लायटरची ठिणगी म्हणजे धंदा सुरू करायचं भांडवल; पुढे जमेतूनच खर्च भागतो.

"पण सर, एटीपीत तर ऊर्जेने भरलेला बंध असतो ना?" हा प्रश्न हमखास येतो. फ्रिट्झ लिपमन यांनी 1941 मध्ये त्या फॉस्फेट बंधासाठी नागमोडी रेघ वापरली आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यात तिची दाबून ठेवलेली स्प्रिंग झाली. अहो, तो बंध तोडायलाही खर्चच येतो. पाण्याशी अभिक्रिया होऊन नवे बंध जुळतात, तयार झालेले पदार्थ जास्त स्थिर असतात, म्हणून प्रमाणित परिस्थितीत मोलमागे सुमारे 30 किलोज्यूल हाती लागतात. कमाई पूर्ण अभिक्रियेची, एकट्या बंधाची नव्हे.

बाकीचे गैरसमज झटपट:

"मेंडेलीव्हने मूलद्रव्यं अणुअंकानुसार मांडली." 1869 मध्ये त्याने पाहिला तो अणुभार आणि गुणधर्म; अणुअंकाला भक्कम आधार मोझलीच्या 1913 मधल्या क्ष-किरण प्रयोगांनी दिला.

"राजवायू कशाशीच संयोग पावत नाहीत." नील बार्टलेटने 1962 मध्येच झेनॉनचं संयुग बनवलं.

"मिठाचा रेणू." चिमटीतल्या मिठात सुटे रेणू नसतातच, स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाला 6 क्लोराइड आयन लगटून असतात.

"इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे ठरलेल्या कक्षेत फिरतात." श्रोडिंगरच्या 1926 च्या समीकरणानंतरही हे चित्र फळ्यावरून पुसलं जात नाही.

आणि वहीतलं ते पहिलं वाक्य? सगळं खोडायची गरज नाही. 'तुटला'वर काट मारा, वर 'जुळला' लिहा.