प्रत्यंचेतील छिद्र आणि नेमाचे गणित

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथील जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड, म्हणजे कप्प्यांच्या, धनुष्याचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळविले आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढतीत पंधराच्या पंधरा बाण दहाच्या वर्तुळात रोवून १५० पैकी १५० गुण नोंदविले. साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झालेल्या या दोन मराठी मुलांची छायाचित्रे महाराष्ट्राने मोठ्या कौतुकाने पाहिली. परंतु त्यांच्या प्रत्यंचेत, ऐन डोळ्यासमोर, दोऱ्याने पक्के आवळून बसविलेल्या सदऱ्याच्या गुंडीएवढ्या एका कड्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले असेल. तिरंदाज मंडळी त्याला ‘पीप’ म्हणतात. दोरी ताणली की हे कडे डोळ्यापुढे येते, त्याच्या छिद्रातून धनुष्यावरील साइट, म्हणजे नेम धरण्याचे साधन, दिसते आणि साइटमधून लक्ष्य.

हे पीप लावावे की लावू नये, हा प्रश्न अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत मुलासाठी पहिले धनुष्य घेऊ पाहणाऱ्या पालकांना पडतो, आणि त्याला मिळणारी उत्तरे बहुधा दोन टोकांची असतात. एका पक्षाच्या मते पीपमुळे मूल परावलंबी होते. दुसऱ्याच्या मते पीपवाचून नेम म्हणजे नुसता अदमास. माझ्या मते हा वाद केवळ डोळ्याविषयीचा आहे असे दोन्ही पक्ष गृहीत धरतात, तिथेच गफलत होते. नजर तीक्ष्ण करणे हे पीपचे दुय्यम काम होय. मस्तक आणि धनुष्य यांचा परस्परसंबंध प्रत्येक बाणाला तंतोतंत तोच राहील याची तजवीज करणे हे त्याचे प्रथम काम होय.

याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. कंपाउंडची स्पर्धा ५० मीटरवरून होते आणि तेथील दहाचे वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचे असते. पूर्ण ताणलेल्या अवस्थेत डोळा आणि साइट यांच्यात सुमारे ८५ सेंटिमीटरचे अंतर असते असे धरू. आता हनुवटी किंचित वळली, किंवा गाल दोरीवर नेहमीपेक्षा थोडा अधिक टेकला, आणि त्यामुळे डोळा आपल्या ठरलेल्या जागेपासून केवळ १ मिलिमीटर बाजूला सरकला, तर तिरंदाजाला साइट लक्ष्याच्या मध्यावरच दिसत राहील. पण बाणाची दिशा मात्र तेवढ्या कोनाने बदललेली असेल, आणि ८५ सेंटिमीटरवरची ती १ मिलिमीटरची चूक ५० मीटरवर जवळजवळ ६ सेंटिमीटरची होऊन नऊच्या वर्तुळात जाऊन बसेल. बाणाची जाडी जमेस धरली तरी दहाच्या आत राहण्यासाठी डोळ्याला मिळणारी मुभा साधारण पाऊण मिलिमीटरची. ओजसने पंधरा बाणांत ती एकदाही ओलांडली नाही. गालाच्या स्पर्शावर आणि स्नायूंच्या स्मृतीवर विसंबून इतकी अचूकता क्वचित एखादा बाण दाखवील. पाठोपाठ पंधरा बाणांकडून तिची अपेक्षा करणे हे मानवी कातडीच्या संवेदनेवर अन्याय करण्यासारखे आहे. म्हणून दोरीवर मागचा एक बिंदू कायम करावा लागतो. दोन बिंदूंनी रेषा निश्चित होते, हा भूमितीचा पहिलाच धडा.

छिद्राचा दुसरा गुण प्रकाशशास्त्राचा आहे. जवळची साइट आणि दूरचे लक्ष्य या दोहोंवर मानवी नेत्र एकाच वेळी स्थिर होऊ शकत नाही. एक स्पष्ट झाले की दुसरे धूसर होते. लहान छिद्रातून पाहिले असता प्रकाशकिरणांची शलाका अरुंद होते, धूसरपणाचा विस्तार घटतो आणि दोन्ही वस्तू बऱ्यापैकी रेखीव दिसतात. छिद्राची कड अंधुक दिसते खरी, परंतु साइटचे गोल कडे त्या अंधुक वलयाच्या मध्यभागी आणून बसविण्यात आपली दृष्टी विलक्षण कुशल आहे. मग छिद्र जितके लहान तितके बरे काय? नाही. व्यास निम्मा केला की प्रकाश एक चतुर्थांशावर येतो. आणि व्यास १ मिलिमीटरच्या खाली गेला म्हणजे प्रकाशाच्या तरंगस्वरूपामुळे किरण कडेपाशी पसरू लागून जी धूसरता घालवायची तीच परत येते.

कप्पे नसलेल्या रिकर्व्ह धनुष्याला मात्र नियमानेच पीपची मनाई आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळलेला फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव ७० मीटरवर नेम धरतो तो दोरीत कोणतेही छिद्र नसताना. येथे हात जबड्याच्या हाडाखाली आणि दोरी हनुवटी व नासिकाग्र यांना लावून डोळ्याची उंची ठरविली जाते, आणि डोळ्यासमोर धूसर दिसणारी दोरी साइटच्या ठरावीक बाजूला ठेवून मस्तकाचे वळण तपासले जाते. दात मिटलेले असणे हीदेखील येथे अचूकतेची अट आहे, कारण जबडा थोडा उघडला तरी डोळा आणि बाण यांतील उंची बदलते. शिवाय रिकर्व्हचा ताण अखेरपर्यंत वाढतच जातो. उलट १९६९ साली अमेरिकेच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना पेटंट मिळालेल्या कंपाउंडमध्ये कप्प्यांच्या योजनेमुळे शेवटी त्याचा मोठा भाग उतरतो आणि पीपमधून वर्तुळात वर्तुळ बसविण्यास उसंत मिळते. सबब, मुलाला रिकर्व्हकडे न्यायचे असेल तर पीपचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि कंपाउंड हाती द्यायचे असेल तर पीप पहिल्या दिवसापासून लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराचा समावेश झाल्याने हा निर्णय आता केवळ हौसेचा राहिलेला नाही.

उपनगरांत मात्र छिद्राच्या मापाचा विचार निराळा करावा लागतो. जेथे ५० मीटरची मोकळी, सुरक्षित जागा मिळणे दुर्घट, तेथे सराव बराचसा सभागृहात १८ मीटरवर होणार. आणि हा सराव सोपा, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. सभागृहातील कंपाउंडचे दहाचे वर्तुळ अवघ्या २ सेंटिमीटरचे असल्याने कोनाच्या मापाने ते मैदानावरील वर्तुळाच्या सुमारे दोनतृतीयांशच भरते, आणि तेही दिव्यांच्या उजेडात, जो भर उन्हाच्या मानाने अत्यल्प असतो. तेथे बारीक छिद्र लावले की लक्ष्य काळवंडते आणि मूल डोळे ताणू लागते. मैदानावर सराव असला तर जून ते सप्टेंबर आणखी एक विघ्न: पावसाचा एक थेंब पृष्ठताणामुळे लहान छिद्रात पडद्यासारखा अडकून बसतो आणि ऐन ताणलेल्या क्षणी लक्ष्य नाहीसे होते. मोठ्या छिद्रात थेंब सहसा टिकत नाही. ज्या पीपमध्ये आतील चकती बदलता येते तेच घ्यावे, म्हणजे उन्हाळ्यासाठी बारीक आणि सभागृह व पावसाळा यांसाठी मोठे छिद्र ठेवता येते.

परावलंबनाची शंका घेणाऱ्या पक्षाचे एक म्हणणे मात्र मी आदराने मान्य करतो. पीप चुकीच्या उंचीवर बांधले असेल तर मूल मान वाकवून छिद्र शोधू लागते आणि हळूहळू सगळा पवित्राच त्या छिद्राच्या मर्जीने घडत जातो. यावर प्रशिक्षकांची जुनी परीक्षा आहे: डोळे मिटून दोरी ताणायची, हात व गाल त्यांच्या स्वाभाविक जागी टेकवायचे, आणि मग डोळे उघडायचे. साइट आपोआप छिद्राच्या मध्यावर दिसली तर ठीक; न दिसली तर धनुष्य यंत्रावर चढवून ताण सैल करावा आणि पीप दोरीवर वर किंवा खाली सरकवून पुन्हा बांधावे. वाढत्या वयाच्या मुलाच्या बाबतीत ही परीक्षा वरचेवर घ्यावी लागते, कारण हात लांबतो, चेहरा वाढतो, आणि मागच्या वर्षी बरोबर बसलेले छिद्र यंदा डोळ्याच्या खाली उतरलेले असते.